सोंगाड्याची माफी

माझ्या नवऱ्याचं तोंडच असं आहे की लोक हसतात. त्यांनी काही केलं पाहिजे असं नाही. लग्नात अंतरपाट खाली आला, यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी भर मांडवात फिसकन हसले. माझ्या मामानं तिथंच डोळे वटारले होते. नाव चुन्नीलाल. मी तोंडानं घेत नाही, लिहायला हरकत नाही. धानाच्या दोन बांध्या म्हणजे शेताचे दोन तुकडे, माझं शिलाई मशीन आणि दिवाळीनंतरची खडी गंमत, एवढ्यावर आमचं चालतं.

दिवाळी सरली की आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. भर दुपारी चौकात लोक गोल करून बसतात. मधे शाहीर डफ घेऊन उभा राहतो, मागं ढोलकी आणि तुणतुणं, आणि शाहिराच्या खांद्याला खांदा लावून सोंगाड्या. शाहीर गातो, सोंगाड्या त्याला आडवं बोलतो. सगळे उभ्यानंच, म्हणून खडी गंमत. आमच्या पार्टीचे शाहीर शालीकरामभाऊ, सोंगाड्या हे. यांचा ठिगळाठिगळांचा अंगरखा मी शिवते. वर्षभर शिलाईतून उरलेल्या चिंध्या त्यासाठीच राखून ठेवते.

या खेळाला एक रीत आहे. सोंगाड्या कोणालाही बोलू शकतो. सरपंच असो, मास्तर असो, खुर्चीवरचा पाहुणा असो. ज्याला बोललं त्यानं उठून बक्षिसाची नोट द्यायची, शाहिरानं त्याचं नाव घेऊन डफ वाजवायचा, की ते बोलणं फिटलं. मग त्यानं घरी जाऊन राग धरायचा नाही, आणि सोंगाड्यानंही त्या मंडईत पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. माझे सासरे सोंगाडे होते, त्यांच्याही आधीपासून हे असंच चालत आलेलं. कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण कोणी मोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

या वर्षी हेटीटोल्याच्या मंडईला लीलाधरभाऊ पाहुणे होते. आमच्या भागात भाऊंशिवाय पान हलत नाही. धान खरेदी केंद्र त्यांच्या मेव्हण्याच्या संस्थेकडं. केंद्रावर पोतं नेलं की ओलावा मोजायचं मशीन लावतात. सतराच्या वर आकडा गेला की पोतं परत. आता एका धुऱ्याच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, अलीकडची बांधी माझी आणि पलीकडची भाऊंच्या माणसाची. पाणी एक, ऊन एक, कापणी एका दिवशीची. तरी माझा धान ओला निघतो आणि त्याचा कोरडा. हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. कोणी बोलत नाही, कारण पुढच्या वर्षीही पोतं तिथंच न्यायचं आहे.

हे बोलले. तेलाचा रिकामा डबा घेतला, त्याला सुतळीनं खराटा बांधला आणि म्हणाले, "शाहीर, ही सरकारी मशीन हाये. जिभीचा ओलावा मोजते." समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडाशी डबा नेला. "वली! माल वापस."

"काऊन रे?" शालीकरामभाऊंनी विचारलं.

"खरं बोलते म्हातारा. खऱ्यानं जीभ वली रायते."

मग दुसऱ्याकडं गेले. त्याला विचारलं, भाऊ कसे हायेत? तो म्हणाला, देवमाणूस. "कोरडी! मोजून घ्या माल." लोक हसायला लागले होते. हे हळूहळू खुर्चीकडं निघाले. भाऊंसमोर वाकले. "भाऊ, जरासा आ करा." आणि भाऊंनी खरंच आ केला. यांनी डबा तोंडाजवळ नेला, मग कानाला लावला, हलवून पाहिला, पुन्हा कानाला लावला. हे शालीकरामभाऊंकडं वळून रडवेल्या आवाजात म्हणाले, "शाहीर, मशीनच सुकली."

लोक अक्षरशः जमिनीवर लोळले. भाऊ तर इतके हसले की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. उठून त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली, "क्या बात है, चुन्नीलाल," म्हणाले आणि नोट दिली. शालीकरामभाऊंनी नाव घेतलं, डफ वाजला. बोलणं फिटलं. आम्ही मंडईतून फुटाणे आणि उसाची कांडकी घेऊन घरी आलो.

पण त्या गर्दीत हिमांशू होता. हा आमच्याच ओळखीचा पोरगा. मोबाईलवर 'धानपट्टा लाईव्ह' नावाचं न्यूज चॅनल चालवतो, म्हणजे तोच मालक, तोच बातमीदार आणि तोच ड्रायव्हर. त्यानं 'मशीनच सुकली'पर्यंतचा तुकडा कापून टाकला. वर लाल अक्षरांत, 'धान खरेदीतला महाघोटाळा, कलाकाराने केला पर्दाफाश'. भाऊंचं हसणं नाही, थाप नाही, नोट नाही.

मी त्याला विचारलं, "बक्षीस काऊन कापलंस रे?"

"काकू, बक्षीस दाखवलं तर व्हिडिओ कोन पाहील?" तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याचं कौतुक.

तो तुकडा नागपूरला गेला, मुंबईला गेला. भाऊंच्या विरोधकांनी त्याला आपापली गाणी लावली. पक्षातल्या वरच्या कोणीतरी भाऊंना फोन करून विचारलं, हे काय चाललंय तुमच्याकडं? आणि पोट धरून हसलेल्या माणसाला चौथ्या दिवशी कळलं की आपला अपमान झाला आहे. त्यांनी ठाण्यात तक्रार दिली.

ठाणेदार साहेब आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून समजावून सांगितलं, की बदनामीचं काम पोलिसांचं नसतं, त्यासाठी भाऊंना कोर्टात जावं लागेल. पण तुमच्या बोलण्यानं गावात शांतता बिघडू शकते, आणि ते काम आमचं आहे. मी म्हटलं, "साहेब, शांतता कुठं बिघडली? सगरे तं हसून राहिले होते." साहेब म्हणाले, "बिघडू शकते, म्हटलं मी." न बिघडलेल्या शांततेसाठी यांना रोज सकाळी बोलवायचं, व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं आणि दिवस मावळताना सोडायचं, असं सुरू झालं. धान कापणीला आलेला. मी एकटी विळा घेऊन बांधीत, आणि हे बाकावर. हिमांशूलाही बोलावलं होतं. त्यानं सांगितलं, मी फक्त दाखवलं, बोलला तो. त्याच्या मागं दोन पत्रकार आले, चहा झाला, तो व्हिडिओ काढून टाकून मोकळा झाला. पत्रकारांना संघटना आहे, भाऊंना पक्ष आहे. आमच्याजवळ डफ.

मी आमगावला हर्षा वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, व्हिडिओ पाहिला, आणि पाहता पाहता त्यांनाही हसू आलं. मग चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "ताई, घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय. आणि त्याच कलमात पुढं लिहिलंय, की सरकार त्यावर वाजवी बंधनं घालू शकतं. अब्रू, शांतता, अशा काही गोष्टींसाठी. तुमच्या मालकांनी त्यातलं काहीच मोडलेलं नाही. ही केस उभी राहणार नाही."

"मंग झालं तं."

"उभी राहणार नाही, पण पडायला वर्षं लागतील. तोवर तारखा. आणि साहेबांनी ठरवलं तर मधे काही दिवस आतही टाकतील. जामीन मिळेल, पण आत जाऊन मिळेल."

बंधनाला माझी ना नाही. धुऱ्याशिवाय बांधीत पाणी थांबत नाही, हे मला वकीलबाईंनी सांगायची गरज नाही. कोणी उठून कोणाच्या जातीधर्मावर लोकांना पेटवायला लागला तर त्याच्या तोंडावर धुरा घालाच. पण धुरा बांधीच्या कडेनं असतो. इथं ज्याची बांधी मोठी तो उठतो आणि माझ्या रोपांवरच माती टाकतो, आणि म्हणतो, धुरा आहे. मी हे वकीलबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे कोर्टात मी म्हणेन, ताई. पण तोवर मालक कुठं असतील, ते तुम्ही ठरवा."

यांना बीपी आहे. बाकावर बसून बसून पाय सुजले होते. बाईंनी फी सांगितली नव्हती, मी विचारलीही नाही. घरी येताना मी ठरवलं होतं, काहीही होवो, हा माणूस आत जाता कामा नये.

साहेबांनीच तोडगा काढला. यांनी माफीचा व्हिडिओ करायचा, तो हिमांशूच्याच चॅनलवर जायचा, भाऊ तक्रार मागं घेणार. मजकूर साहेबांनीच लिहून दिला. 'मी, चुन्नीलाल, हेटीटोला येथील मंडईत माझ्याकडून बोलल्या गेलेल्या शब्दांबद्दल माननीय लीलाधरभाऊ यांची व समस्त जनतेची बिनशर्त माफी मागतो. यापुढे माझ्याकडून असे होणार नाही.' एवढंच. यांनी तो पाठ केला.

ठाण्याच्या आवारात, लिंबाखाली हिमांशूनं मोबाईल धरला. आणि यांनी काय करावं? जन्मात हा माणूस चार लोकांसमोर मुजरा घातल्याशिवाय बोललेला नाही. वाकले, माती कपाळाला लावली, दोन्ही हात पसरले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "मायबाप रसिकहो!" मग पुढची माफी जशीच्या तशी म्हटली. एक शब्द चुकला नाही. 'बिनशर्त'च्या आधी जरा थांबले, सवयीनं. बाजूचा शिपाई तोंडावर टोपी धरून भिंतीकडं वळला.

ही माफी पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. खाली नुसती हसणारी पिवळी तोंडं. भाऊंचा फोन माझ्याच मोबाईलवर आला. "मेरा मजाक उड़ा रहे हो क्या? मी सोडून राहिलो होतो, आता नाई सोडत."

मी सांगत राहिले, "भाऊ, त्याईनं खरीच माफी मांगली, देवाशपथ." फोन बंद झाला होता.

साहेबांनी यांना आत बोलावून दार लावून घेतलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, की उद्या घरी पाठ कर, परवा सकाळी आणखी एकदा घेऊ, आणि त्यातही हसू आलं तर अटकेचे कागद तयार आहेत. हे बाहेर आले तेव्हा मला म्हणाले, "शामकला, मी हसवलं नाई वो. मी माफीच मांगत होतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खरं सांगते, त्या तोंडावर रडणंही इतकं विचित्र दिसतं की तिथं उभा असलेला चहावाला हसला. मी त्याच्या अंगावर धावून गेले.

दुसऱ्या दिवशी मी बांधीत गेले नाही. यांना अंगणात, धानाच्या पेंढ्यांसमोर उभं केलं, मोबाईल माठावर टेकवून ठेवला आणि शिलाईची लाकडी पट्टी हातात घेतली. "म्हना."

त्यांनी म्हटलं. मला हसू आलं. स्वतःचाच इतका संताप आला की पट्टी ओसरीतल्या मशीनवर आपटली.

"भिवई काऊन वर करता?"

"मी नाई करत. ते आपोआप जाते."

"मंग डोरे खाली ठेवा. डाव्या पायाच्या अंगठ्याकडं पाहा. वर पाहूच नोका."

पुन्हा म्हटलं. डोळे खाली, पण 'माननीय'ला मान एवढीशी तिरकी झाली. मी पट्टीनं मान सरळ केली. मग हातांचं काय करायचं ते कळेना. जोडले तर मुजरा वाटतो, सोडले तर लोंबतात, मागं घेतले तर शाळेतल्या पोरासारखे दिसतात. शेवटी मी म्हटलं, पॅन्टच्या शिवणीला धरून ठेवा, मीच घातलेली शिवण आहे, उसवणार नाही. ते त्या बोलण्यावर हसले. मी हसले नाही. "हसू नोका. उद्याच्याले आत टाकतील तुमाले. तुमाले कळून राहिलं काय?"

"कळून राहिलं."

दुपारपर्यंत मला त्यांची खोड सापडली. मी एवढी वर्षं त्यांचा खेळ पाहिला, पण कधी असं उलगडून पाहिलं नव्हतं. हा माणूस थांबतो. वाक्याच्या मधे कुठंतरी एक श्वासभर थांबतो, आणि त्या थांबण्यात पाहणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी येणार. हसू तिथं जन्मतं. "तुमी थांबू नोका," मी सांगितलं. "एका दमात म्हना. जसा मास्तर हजेरी घेते तसं." ते त्यांना फार जड गेलं. घाम फुटला. थांबले की मी पट्टी उगारत होते. एकदा पट्टी लागलीही. त्यांनी बोटं चोळली आणि पुन्हा सुरू केलं. उन्हं उतरली तेव्हा त्यांनी डोळे अंगठ्यावर ठेवून, हात शिवणीला धरून, एका दमात सगळी माफी म्हटली. मी पाहत होते. आणि मला हसू आलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी त्यांना गूळ घालून चहा करून दिला.

ती माफी चालली. कोणी पाहिलीसुद्धा नाही फारशी, आणि तेच हवं होतं. भाऊ म्हणाले, अब ठीक है. साहेबांनी यांच्याकडून वर्षभर चांगल्या वागणुकीचा बॉण्ड लिहून घेतला. त्यात आक्षेपार्ह काही बोलणार नाही असं होतं. आक्षेपार्ह म्हणजे काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, "कोणी आक्षेप घेतला की कळेल."

हे घरी आले, धान कापला, बांधला, मळला. अंगरखा मी धुऊन पेटीत ठेवला. शालीकरामभाऊ येऊन म्हणाले, "चुन्नी, नुसता उभा राय माह्या बाजूले. बोलू नोको." यांनी डोळे खाली करून सांगितलं, की नाही जमणार. एका दमात.

तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. मग मी लक्ष ठेवायला लागले. भाजीत मीठ जास्त पडलं, ते गप्प जेवले. पूर्वी असं झालं की ताटाला विचारायचे, "काऊन बापू, समुद्रातून आलास काय?" शेजारची म्हैस आमच्या पेंढ्यात घुसली, त्यांनी उठून नुसती हाकलली. मी मुद्दाम छेडलं, "अजी, तुमची म्हैस पाहुनी आली होती, चहा काऊन नाई पाजला?" त्यांनी सरळ उत्तर दिलं, "ती केवलरामची म्हैस व्हती." मी विचारलं तेवढं सांगायचे, थांबत नव्हते. मी भांडूनही पाहिलं. म्हटलं, मी तुम्हाला मारलं, मला शिव्या द्या. ते म्हणाले, "तू माह्या भल्यासाठीच मारलंस." हे त्यांनी इतक्या खरेपणानं म्हटलं की मी चुलीपाशी जाऊन रडले.

आमच्या गावची मंडई शेवटची असते. मी त्यांना ओढून नेलं. शालीकरामभाऊ एकटेच दोन्ही बाजूंनी बोलत होते, शाहीरही तेच आणि सोंगाड्याही तेच. लोक उगीच मान हलवत होते. पुढच्या खुर्चीवर लीलाधरभाऊ. हिमांशू मोबाईल उंच धरून उभा. हे माझ्या बाजूला जमिनीवर बसले होते. कोणाचं तरी लक्ष गेलं. "अरे, चुन्नीभाऊ!" आणि त्यांना नुसतं पाहूनच दहा-वीस जण हसले. ते हसणं ऐकून माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, अजून आहे. अजून सगळं गेलेलं नाही.

"उठा ना, चुन्नीभाऊ! एखादं होऊन जाऊ द्या."

भाऊंनीही मोठ्या मनानं हात हलवला. "बोल, बोल. डर मत."

मी त्यांना कोपरानं ढोसलं. "उठा. काईबी बोला. म्हशीचं बोला."

ते उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शालीकरामभाऊंनी डफावर एक थाप दिली आणि मोकळी जागा सोडली. हे मधे जाऊन उभे राहिले. मुजरा घातला नाही. हात पॅन्टच्या शिवणीला गेले. डोळे डाव्या अंगठ्यावर.

"मी चुन्नीलाल हेटीटोला येथील मंडईत माझ्याकडून बोलल्या गेलेल्या शब्दांबद्दल माननीय लीलाधरभाऊ यांची व समस्त जनतेची बिनशर्त माफी मागतो यापुढे माझ्याकडून असे होणार नाही."

कुठं थांबले नाहीत. चौकात कोणी हसलं नाही. लोकांना वाटलं पुढं काहीतरी येईल, म्हणून ते वाट पाहत राहिले, आणि पुढं काही आलं नाही. भाऊ खुर्चीत अवघडून इकडं तिकडं पाहायला लागले. त्यांचा हात खिशाकडं गेला आणि तसाच परत आला.

मला ते सहन झालं नाही. हे सोंग आहे, गंमत आहे, असं कोणालातरी वाटलं पाहिजे होतं. मी उभी राहिले आणि हसले. एकटीच, मोठ्यानं, पोटापासून हसल्यासारखं, टाळ्या वाजवत. बायका माझ्याकडं वळून पाहायला लागल्या. मी थांबले नाही. यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. भिवई जागची हलली नाही. मग मी शिकवलं होतं तसे त्यांनी डोळे पुन्हा अंगठ्यावर नेले आणि माफी पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.